फक्की कोण मारतं? पुण्यातल्या फुटबॉल क्लबांमधली बिनपगारी माणसं

उजवी_बगल | सोमवार, रात्री १०.१२

काल आमच्या क्लबच्या १४ वर्षांखालच्या मुलांचा सामना होता. सकाळी साडेसातची वेळ. दोन्ही संघ हजर, पंच हजर, पालक थर्मास घेऊन हजर. मैदानावर रेषा मात्र नव्हत्या.

माझा मुलगा या क्लबात ६ वर्षं खेळतोय. इतक्या वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की त्या पांढऱ्या रेषा कुणाला तरी आखाव्या लागतात. आखणारे आमचे काका त्या दिवशी हॉस्पिटलात होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. शुक्रवारी त्यांनी ग्रुपवर लिहिलंही होतं, 'रविवारचं मैदान कुणीतरी बघा रे.' त्याखाली २८ जणांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. मीही टाकलं होतं.

शेवटी दोघा बाबांनी पत्र्याच्या खोलीतून फक्कीचं, म्हणजे रेषा आखायच्या पांढऱ्या भुकटीचं पोतं ओढून आणलं आणि अंदाजाने मारायला सुरुवात केली. बाजूची रेषा निम्म्यावर जाऊन चक्क वळली. पंचांनी पेनल्टीचा ठिपका पावलं टाकून ठरवला. सामना तासभर उशिरा सुरू झाला, आणि साडेनऊनंतर मैदान दुसऱ्यांना दिलेलं असल्यामुळे दोन्ही अर्ध २०-२० मिनिटांवर आणावे लागले. बाहेरगावाहून आलेल्या संघाची मुलं पहाटे चारला उठून आली होती. त्यांच्या सरांनी एक शब्द बोलून दाखवला नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

संध्याकाळी काकांना भेटायला गेले. त्यांनी माझ्या डायरीचं पान मागून घेतलं आणि मैदान काढून दाखवलं. आमचं मैदान १०० बाय ६४ मीटर. चारी बाजू, मधली रेषा, ९.१५ मीटर त्रिज्येचं मधलं वर्तुळ, दोन्हीकडच्या पेनल्टीच्या आणि गोलच्या चौकटी, त्यावरच्या कमानी, कोपऱ्यातले पाव-पाव गोल. घरी येऊन मी बेरीज केली. ६९५ मीटर. म्हणजे दर रविवारी पहाटे ६८ वर्षांचा एक माणूस वाकून जवळजवळ पाऊण किलोमीटर फक्की मारतो. कोपरा काटकोनात यावा म्हणून ते दोरीला ९, १२ आणि १५ मीटरवर गाठी मारून ठेवतात. शाळेत शिकलेला पायथागोरस मी पहिल्यांदा कामाला लागलेला पाहिला.

हे ते २३ वर्षं करताहेत. शिवाय जाळ्या बांधणं, झेंडे रोवणं, बर्फाची पेटी, पंचांचा चहा, हरवलेल्या बाटल्या घरोघर पोचवणं. त्यांची स्वतःची मुलं केव्हाच खेळायची थांबली.

दोन वर्षांपूर्वी वार्षिक कार्यक्रमात आम्ही त्यांना शाल-श्रीफळ दिलं. भाषणं चालू असताना काका मागे अंधारात जाळ्यांच्या घड्या घालत होते. नाव पुकारल्यावर हात पुसत आले, शाल घेतली आणि परत गेले. तेव्हा सगळ्यांना ते फार साधेपणाचं वाटलं होतं. आज वाटतं, त्यांना शाल देताना आमच्यातल्या एकालाही त्या घड्या घालायला जावंसं का वाटलं नाही?

तुमच्या क्लबांत अशी माणसं असतीलच. त्यांची कदर तुम्ही कशी करता? ते दमल्यावर काय होतं? मनापासून विचारतेय.

खडकीकर | सोमवार, रात्री ११.०५

ताई, धागा काढलात हे फार बरं केलंत.

मी खडकीत वाढलो. दारूगोळा कारखाना, बॉम्बे सॅपर्स, रेंजहिल्सच्या वसाहती; फुटबॉल आमच्याकडे लष्कराच्या मागोमाग आला आणि गल्लीत राहिला. बाकीचं पुणे क्रिकेट खेळत होतं तेव्हाही आमच्याकडे संध्याकाळी चेंडू पायातच असायचा. आमच्या वेळी संघाचे कपडे धुण्याचं काम एका मावशींनी स्वतःहून घेतलं होतं. ११ सदरे, ११ चड्ड्या, पावसाळ्यात चिखलाने जड झालेले. वाळायचे त्यांच्या गॅलरीत, तेही सामन्याच्या आदल्या रात्री. कुठल्याही चषकावर त्यांचं नाव नाही.

आता एक गोष्ट बघा. २००७ मध्ये पुणे एफसी हा व्यावसायिक क्लब निघाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, दुसरा आला, २०१५ मध्ये बंद झाला. भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर दिसला नाही. एफसी पुणे सिटी २०१४ ला आला आणि २०१९ ला गेला. चारही ठिकाणी पैसा होता, परदेशी प्रशिक्षक होते, बालेवाडीचं स्टेडियम होतं. मी प्रत्येकाच्या सामन्यांना गेलोय आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटलंय. मात्र त्याच काळात खडकी-कॅम्पातले गल्लीतले क्लब जिल्हा संघटनेच्या लीगमध्ये खालच्या-वरच्या गटात खेळतच राहिले. कुणाच्या जिवावर? स्कूटरच्या पायाशी चेंडूंची जाळी ठेवून शिवाजीनगरच्या एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर पोचणाऱ्या माणसाच्या जिवावर. मालकाने हात काढला की संघ बंद होतो. स्कूटरवाला थकला तर गल्ली दुसरा स्कूटरवाला शोधते. निदान आजवर तरी शोधत आली.

मला काळजी ही वाटते की आता शोधत नाही. माझ्या क्लबात ते काम करणारे तिघेही साठीच्या पुढचे आहेत.

नवा_पालक_वाकड | मंगळवार, सकाळी ८.४०

प्रामाणिकपणे सांगतो. मुलीची महिन्याची फी भरतो, त्यामुळे मला वाटायचं मैदानावर दिसणारा प्रत्येक माणूस पगारी आहे. एकदा बिब (सरावात संघ ओळखायला घालायच्या रंगीत बंड्या) वेळेवर मिळाले नाहीत म्हणून तिथल्या एका गृहस्थांना मी चढ्या आवाजात बोललो होतो. हा धागा वाचून काल रात्री प्रशिक्षकांना फोन करून विचारलं. ते गृहस्थ दुसऱ्या एका मुलीचे आजोबा निघाले. शनिवारी जाऊन त्यांची माफी मागणार आहे.

उजवी_बगल | मंगळवार, सकाळी ९.१५

@नवा_पालक_वाकड, तुमचा गैरसमज व्हायला कारणही आहे. गेल्या १०-१२ वर्षांत बाणेर-वाकड-खराडीकडे टर्फवर चालणाऱ्या अकॅडम्या खूप निघाल्या. तिथे फी हाच पाया. क्लबचं तसं नसतं. आमच्या फीतून मैदानाचं भाडं, प्रशिक्षकांचं मानधन आणि स्पर्धांची प्रवेश फी भागते, तिथेच ती संपते. बाकी सगळं माणसांवर. आम्ही ते पालकांना पहिल्या दिवशी सांगतच नाही, ही आमची चूक.

हिशोबनीस | मंगळवार, दुपारी १.३०

एका क्लबचा खजिनदार आहे, ९ वर्षं झाली. मैदानावरची मेहनत निदान डोळ्यांना दिसते. न दिसणाऱ्या कामाबद्दल थोडं लिहितो.

क्लब नोंदवायचा तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान ७ माणसं लागतात. महाराष्ट्रात त्याच्या जोडीला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा येतो, म्हणजे धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. दरवर्षी लेखापरीक्षण. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज. तो राहिला तर कागदावर जुनीच माणसं राहतात, बँक सही मानत नाही, आणि देणगी द्यायला आलेला माणूस परत जातो. मी क्लबात आलो तेव्हा कागदावरचे दोन पदाधिकारी हयात नव्हते. ते निस्तरायला दीड वर्ष लागलं.

दुसरं काम खेळाडूंच्या नोंदणीचं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत प्रत्येक मुलाचा फोटो, जन्मदाखला, ओळखपत्र चढवायचं. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, शाळेत तिसरं. मुदतीच्या आदल्या रात्री दोन वाजता मी एका आईला फोन करून उठवलंय, कारण दाखल्याचा मागचा भाग स्कॅन झाला नव्हता. त्या मुलाने पुढे त्या स्पर्धेत दोन गोल केले. मला ते गोल फार जवळचे वाटतात.

कदर कशी करावी, यावर माझं मत अगदी व्यवहारी आहे. पदरमोड थांबवा. आमच्याकडे पेट्रोल, फक्कीचं पोतं, बर्फ, झेरॉक्स, सगळं कुणीतरी आपल्या खिशातून करत होतं आणि सांगायला लाजत होतं. तीन वर्षांपूर्वी मी साधं व्हाउचर पुस्तक ठेवलं. रविवारी रात्री रक्कम लिहायची, बुधवारी खात्यात. काहीजण म्हणाले, 'आम्ही पैशासाठी करतो का?' मी म्हटलं, वेळ तुमचा, तो तुम्ही देताच आहात. बर्फ क्लबचा आहे. आणि हे नोंदवल्यामुळे पहिल्यांदा कळलं की क्लब चालवायला खरा खर्च किती येतो. तोवर आमचा ताळेबंद दरवर्षी या लोकांच्या खिशामुळेच सुदृढ दिसत होता.

करवीरचा_गडी | मंगळवार, रात्री ९.५०

नोकरीनिमित्त पुण्यात ११ वर्षं, मूळ कोल्हापूर. आमच्याकडं वेगळीच तऱ्हा आहे, सांगतो.

कोल्हापुरात संघ तालमींचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. तालीम म्हणजे मुळात कुस्तीची. पण तिथंच गणपती बसतो, तिथंच मयताला माणसं जमतात, आणि तिथंच फुटबॉलचा संघ. त्यामुळं 'स्वयंसेवक' असा वेगळा माणूस नसतोच. पेठेतला माणूस पेठेचं काम करतो. वर्गणी मागायला दहाजण जातात, शाहू स्टेडियमवर सामना असला तर दुकानं लवकर बंद होतात. बाहेरून आलेल्या खेळाडूला जेवायला कुणाच्या घरी पाठवायचं हे बायका ठरवतात. मी लहान असताना आमच्या घरी हंगामभर एक पोरगा जेवायला होता. आई त्याला माझ्याआधी वाढायची, मला राग यायचा. आता कळतं, ती तिच्या परीनं संघात खेळत होती.

२०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात आमचा अनिकेत जाधव भारताकडनं खेळला तेव्हा अख्ख्या गावाला आपणच खेळल्यासारखं झालं. असा एक पोरगा वर जातो त्याच्या पाठीमागं चेंडू आणून देणारी किती पोरं, किती म्हातारी माणसं असतात.

पुण्यात मला एकच उणीव जाणवते. इथं क्लबला पेठ नाही. मुलं हिंजवडीहून येतात, मैदान शिवाजीनगरला, प्रशिक्षक पिंपरीचा. सामना संपला की जो तो आपल्या गाडीत. मग काम शेवटी थांबणाऱ्या एकट्यावर पडतं. ताई, तुमच्या काकांचं दुखणं तेच आहे. शाल दिली नाही म्हणून न्हवं, सामना संपल्यावर कुणी थांबत नाही म्हणून. आमच्याकडं सामन्यानंतर तालमीच्या कट्ट्यावर तासभर बसणं हा सामन्याचाच भाग. तिथंच ठरतं पुढच्या वेळी कोण काय आणणार.

डावा_पाय | बुधवार, सकाळी ७.२०

थोडं विरोधात लिहितो, गोड मानून घ्या.

मी १७ व्या वर्षी क्लबात लहान मुलांना शिकवायला लागलो, फुकट. चार वर्षं केलं. घरची परिस्थिती बेताची होती. वडील विचारायचे, मिळतं काय? मी सांगायचो, अनुभव. प्रत्येक कार्यक्रमात 'निःस्वार्थ सेवा' म्हणून माझं कौतुक व्हायचं, आणि मग मी सायकलवरून घरी यायचो. फुटबॉल महासंघाच्या प्रशिक्षकांसाठीच्या डी लायसन्सच्या कोर्ससाठी पैसे हवे होते, तेव्हा क्लबने हात वर केले. ते पैसे माझ्या मामाने दिले. आज मी पगारी प्रशिक्षक आहे, दुसरीकडे.

सेवेचं कौतुक जरूर करा. पण ज्याला पोटासाठी काम शोधायचंय अशा २० वर्षांच्या मुलाला आणि निवृत्त काकांना एकाच मापाने मोजू नका. काकांना मदतीचा हात हवाय. त्या मुलाला शिक्षण हवंय. वर्षाला एका मुलाचा किंवा मुलीचा कोर्स क्लबने भरावा, त्याबदल्यात त्याने किंवा तिने दोन हंगाम शिकवावं, इतका सरळ करार का होऊ शकत नाही? तेवढं करणारा क्लब मला भेटला असता तर मी अजून तिथेच असतो.

हिशोबनीस | बुधवार, सकाळी ९.०५

@डावा_पाय, गोड मानून घेण्यासारखं यात काही नाही. तुम्ही बरोबर आहात. आमच्या पुढच्या बैठकीत हा ठराव मी मांडतो.

श्टुटगार्टहून | बुधवार, दुपारी ३.१०

मूळची कोथरूडची, गेली ८ वर्षं जर्मनीत. मुलगा इथल्या गावच्या क्लबात खेळतो आणि मी दोन वर्षं त्यांच्या सामन्यांना केक विकतेय, म्हणून लिहायचा धीर करतेय.

इथे नोंदणीकृत संस्थेला सुरुवातीला ७ सभासद लागतात. हिशोबनीसांचं वाचून गंमत वाटली, आकडा तोच. बिनपगारी कामाला इथे 'एरेनआम्ट' म्हणतात, शब्दशः मानाचं पद. नुसता शब्द नाही, करकायद्यात त्याला जागा आहे. मुलांना शिकवणाऱ्याला क्लबने थोडं मानधन दिलं तर ठरावीक रकमेपर्यंत त्यावर कर नाही. २०२१ मध्ये ती मर्यादा वर्षाला ३,००० युरो झाली. खजिनदार, मैदान राखणारे वगैरेंसाठी वेगळी मर्यादा, तेव्हा ८४० युरो. म्हणजे डावा_पाय म्हणतात तो प्रश्न इथे 'सेवा की पगार' असा राहतच नाही, मधली एक वाट आहे.

जर्मन फुटबॉल महासंघ १९९७ पासून अशा लोकांना दरवर्षी पुरस्कार देतो. त्यांतून १०० जण निवडून त्यांना राष्ट्रीय संघाच्या सामन्याला बोलावतात. अनेक राज्यांत एक कार्डही मिळतं, ते दाखवलं की संग्रहालयात, पोहण्याच्या तलावावर सवलत.

पण मला जास्त भावलेली गोष्ट साधीच आहे. हंगामाच्या सुरुवातीला पालकसभेत एक कागद फिरतो. तारीख, काम, नाव. केक, कॉफीचं मशीन, गाड्यांची व्यवस्था, कपडे धुणं. रिकामी चौकट राहिली तर सभा संपत नाही, लोक बसून राहतात. पहिल्या वर्षी माझं जर्मन कच्चं होतं, तरी कागद माझ्यापुढे आलाच. परक्या गावात आपलं नाव एका चौकटीत लिहिलं गेलं, याचा मला किती आधार वाटला ते सांगता येणार नाही.

इथेही माणसं कमी पडताहेत, तरुण पदं घ्यायला तयार नाहीत, ही तक्रार दर सभेत ऐकते. तेव्हा इथलं सगळं आलबेल आहे असं समजू नका.

मुलींची_टीम | बुधवार, रात्री १०.३०

मुलींच्या संघाची बाजू आली नाही म्हणून लिहिते.

२०२२ च्या फेब्रुवारीत आशियाई महिला चषकाचे दोन्ही उपांत्य सामने बालेवाडीत झाले. चीनने जपानला पेनल्टीवर हरवलं तो सामना आमच्या १५ वर्षांखालच्या मुलींनी एका घरात जमून टीव्हीवर पाहिला. आपल्या गावात हे चाललंय, यानेच त्या हरखल्या होत्या. पुढच्या महिन्यात सरावाला ७ मुली वाढल्या. आणि लगेच प्रश्न आला, यांच्याबरोबर कोण थांबणार?

मुलींचा संघ बाहेर न्यायचा तर निदान दोन बायका बरोबर हव्यात. एकीला एका मुलीबरोबर दवाखान्यात जावं लागलं तर दुसरी मैदानावर हवी. बऱ्याच मैदानांवर कपडे बदलायला जागा नाही. आम्ही चार ओढण्या आणि दोन बांबू घेऊन जातो. स्वच्छतागृह लांब असलं की मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुसऱ्या अर्धात पायात गोळे येतात. प्रशिक्षकांना वाटायचं मुली दमतात. खरं कारण एका आईने शोधलं. आता आम्ही आधी स्वच्छतागृह बघतो, मग मैदान.

या आयांना क्लबात काय म्हणतात ठाऊक आहे? 'सोबतच्या बायका'. संघाच्या यादीत प्रशिक्षक, सहप्रशिक्षक, व्यवस्थापक, सगळे पुरुष. आणि खाली 'सोबत'. मी अडून बसले तेव्हा कुठे गेल्या वर्षी एका आईचं नाव 'व्यवस्थापक' म्हणून छापलं गेलं. तिने तो कागद जपून ठेवलाय. नोकरी सोडून १२ वर्षं झालेली बाई. तिच्यासाठी ते तिच्या नावापुढचं नवं पद होतं.

आणखी एक, आणि हे मला कळकळीने सांगायचंय. कुणी मदतीला येतोय म्हटलं की आपण आनंदाने हो म्हणतो. मुलं-मुली असतात तिथे प्रत्येक नव्या माणसाची ओळख पटवून घ्या, एकट्या मुलाबरोबर कुणालाच पाठवू नका, आणि पॉक्सो कायद्याची माहिती प्रत्येकाला द्या, २३ वर्षं काम करणाऱ्या काकांनाही. यात कुणावर अविश्वास नाही. नियम सगळ्यांना सारखा असला की चांगल्या माणसालाही निर्धास्त काम करता येतं.

सकाळची_ओपीडी | गुरुवार, सकाळी ६.५०

डॉक्टर आहे, रविवारी मुलाच्या सामन्यांना जातो. मला बघून सगळे निश्चिंत होतात, त्यामुळे मी नसलो की काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

१२ जून २०२१ ला कोपनहेगनला डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन सामन्यात कोसळला. मैदानावरच छाती दाबणं सुरू झालं, शॉक देण्याचं यंत्र हाताशी होतं, म्हणून तो वाचला आणि पुढे परत खेळला. आपल्या मैदानावर ते यंत्र नसेल. हात तर आहेत. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, १०८ ची गाडी येईपर्यंत. हे एका सकाळी शिकता येतं. प्रत्येक संघामागे निदान दोघांना शिकवा. मी येऊन शिकवीन, कुठल्याही क्लबात, निरोप पाठवा.

दुसरं, एप्रिल-मेच्या वळवात विजा. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर खेळ थांबवा, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. हे सांगण्याचा अधिकार एका ठरलेल्या माणसाकडे असू द्या, मग तो बर्फाची पेटी सांभाळणारा का असेना.

आणि रेषांसाठी कळीचा चुना कधीही वापरू नका. घामाने ओल्या कातडीला, डोळ्याला भाजतो. फक्कीच बरी.

शिट्टी_१९ | गुरुवार, रात्री ८.१५

मी १९ वर्षांचा आहे, लहान मुलांच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो, बरेचदा नुसत्या प्रवासखर्चावर. गेल्या महिन्यात १० वर्षांखालच्या सामन्यात एका वडिलांनी ऑफसाइडवरून मला सगळ्यांसमोर शिवी दिली. मी घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. माझ्याबरोबर शिकलेल्या पाचांपैकी दोघांनी सोडून दिलंय.

मला शाल नको, मानधनही नंतर बघू. रेषेपासून दोन मीटर मागे एक दोरी बांधा आणि पालकांना तिच्यामागे उभं करा. आणि कुणी ओरडलं तर क्लबच्या माणसाने त्याच वेळी त्यांच्याशी बोलावं. सामना संपल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून 'मनावर घेऊ नकोस' म्हणतात सगळे. तेव्हा उशीर झालेला असतो.

खडकीकर | गुरुवार, रात्री ९.००

@शिट्टी_१९, सोडू नकोस बाळा. पुढचा सामना कुठे आहे ते कळव. मी येऊन त्या रेषेवर उभा राहतो.

नवा_पालक_वाकड | शनिवार, दुपारी १२.२०

आजोबांना भेटलो. ते तो प्रसंग विसरूनच गेले होते, किंवा मला तसं म्हणाले. बिब धुवायला आता एक आठवडा ते, एक आठवडा आम्ही, असं ठरलंय. ५ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन असतो, त्या दिवशी क्लबात काही करावं का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, त्या दिवशी सराव असेल तर बिब लागतीलच.

उजवी_बगल | शनिवार, रात्री १०.४५

सगळ्यांचं वाचतेय, काही पोस्टी दोनदा-तीनदा वाचल्या.

काका परवा घरी आले. आज दुपारी मी, आमच्या क्लबचे खजिनदार आणि दोघी आया त्यांच्याकडे वह्या घेऊन बसलो. त्यांना म्हटलं, तुम्ही रविवारी उठल्यापासून काय काय करता ते सांगा, आम्ही लिहितो. ते सांगत गेले. मध्येच काकू आतून येऊन त्यांनी विसरलेलं सांगून जायच्या. सरावाच्या जाळ्या काकूच शिवतात, हे आम्हाला आज कळलं. तीन तासांत ३४ कामं झाली. आमच्या आजच्या माणसांची नावं त्यांच्यापुढे लिहिली तर १९ कामांपुढे एकच नाव आलं. खजिनदारांनी ते पान काही न बोलता वहीतून काढून आपल्या फाइलला लावलं.

तो तक्ता आता पत्र्याच्या खोलीच्या दारावर लागतोय. श्टुटगार्टहून यांच्यासारखी सभा पुढच्या शनिवारी घेतोय, चौकटी भरेपर्यंत. व्हाउचर पुस्तक सोमवारपासून. पालकांसाठी दोरी उद्यापासूनच. मुलींच्या संघाच्या यादीतून 'सोबत' हा शब्द काढला. कोर्सच्या पैशांबद्दल खजिनदार 'बघू' म्हणालेत, मी त्यांच्या मागे लागणार आहे. डॉक्टरांना निरोप पाठवलाय.

निघताना काकांनी एकच गोष्ट विचारली. दोरी पावसात भिजली होती का? सुती दोरी भिजली की आखडते, मग १५ मीटरची गाठ १५ वर राहत नाही आणि माप चुकतं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी बसल्या जागी टेप लावून सगळ्या गाठी सोडून पुन्हा मारून दिल्या. साडेतीन इंचांचा फरक निघाला.

उद्याच्या सामन्यासाठी फक्कीची दोन पोती खोलीत आहेत. दोरी, टेप आणि खुंट्या माझ्या गाडीत. दोरीचं दुसरं टोक धरायला एकजण हवाय, आणि वर्तुळ मारताना मध्ये खुंटी धरून बसायला आणखी एक. सव्वापाचला मैदानाच्या मागच्या फाटकापाशी या. पुढच्या फाटकाचं कुलूप सहाशिवाय उघडत नाही.

करवीरचा_गडी | शनिवार, रात्री १०.५२

खुंटीवर मी. येताना चहाचा थर्मास आणतो.